तात्याच्या हातचा बुद्ध

क्योटोहून येऊन तीन महिने झाले, तरी सेलूच्या बसस्टँडवर कोणी ना कोणी मला गाठतंच. "गुरुजी, जपान कसं काय होतं?" मग मी आपलं ठरलेलं सांगतो. रस्ते असे की ताट न मांडता जेवावं, गाडी घड्याळाच्या काट्यावर येते, आणि एका शहरात शेकड्यानं विहार अन् देवस्थानं असून भोंगा मात्र एकाही ठिकाणी नाही. लोक खूश होतात, चहा पाजतात. अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत बडबड केलेल्या माणसाला बोलण्याची काय कमी! पण जे सांगायचं ते राहूनच जातं. ते एकदा बाहेर पडल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही, म्हणून लिहितो आहे.

गोष्ट तात्सुया नावाच्या पोराची आहे. वर्ध्याच्या शांतिस्तूपावर जपानी पाहुण्यांचं येणं-जाणं असतं. दोन हजार चार सालच्या जानेवारीत त्यांच्यातला एक चोवीस वर्षांचा पोरगा आमचं गाव पाहायला आला. एका दिवसासाठी आला आणि चार महिने राहिला, तोही आमच्याच घरी. 'तात्सुया' कोणाच्या जिभेवर बसेना. दुसऱ्या दिवशी त्याचा तात्या झाला. ना दाढी, ना मिशी, आणि नाव तात्या! शाळेतली पोरं हसून हसून लोळायची आणि तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

ठेचा-भाकर खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण हात थांबायचा नाही. माझी बायको तानाबाई त्याच्या ताटात गुळाचा खडा ठेवायची आणि म्हणायची, "हळू खा नं बाबू, कोणी पळवून राह्यलं का?" त्याला एक अक्षर कळत नसे. तो "हाय, हाय" म्हणायचा. जपानीत 'हो'ला 'हाय' म्हणतात, आमच्याकडं 'आहे'ला. तानाबाईला वाटायचं, पोरगं चार दिवसांत वऱ्हाडी शिकलं. आमचा अश्वजित तेव्हा सहा वर्षांचा, तो तर त्याच्या खांद्यावरून उतरतच नसे.

आमच्या विहारात तेव्हा मूर्ती नव्हती. टिनाचं शेड, समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बस्स. तात्या क्योटोतल्या एका म्हाताऱ्या मूर्तिकाराच्या हाताखाली लाकूडकाम शिकत होता. निघायच्या दिवशी त्यानं हातवारे करून सांगितलं, मी बुद्ध घडवीन, तुम्हाला पाठवीन. आम्ही बरं बरं म्हणालो. पाहुणा निघताना असं काही म्हणतच असतो.

पण त्यानं शब्द पाळला. दोन हजार सहा साली, बुद्धपौर्णिमेला महिना असताना, वर्ध्याहून टेम्पोत एक लाकडी पेटी आली. सगळी वस्ती जमली. पेटी फोडली, भुसा काढला, आणि आत दोन फुटांचा, काळसर लाकडाचा, बसलेला बुद्ध निघाला. त्याच्या अंगभर पटाशीचे घाव होते. चिवरावर घाव, हातांवर घाव, गालांवरसुद्धा बारीक बारीक घाव. रंगाचं बोट नाही, पॉलिश नाही. बायका हात जोडायच्या तेवढ्या जोडून एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "गुरुजी, अर्धीच पाठवली का हो?"

मी विहार समितीचा सचिव होतो. सचिव म्हणजे ज्याला सगळं कळतं असा माणूस. निदान मला तरी तसंच वाटायचं. मी तिथल्या तिथं निकाल दिला. पोराला पौर्णिमा गाठायची होती, वेळ पुरला नाही, म्हणून त्यानं काम आपल्या भरवशावर सोडलं. पुढचं आपण पूर्ण करू. सगळ्यांना पटलं. आमच्याकडं दर बुद्धपौर्णिमेला विहाराला नवा रंग मारतात. बिनरंगाची मूर्ती बसवणं म्हणजे पोराला आंघोळ न घालता लग्नाला नेण्यासारखं. तात्याला पत्र टाकून विचारावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण पत्राला उत्तर यायला महिना लागला असता, आणि मला पौर्णिमेला मिरवणूक काढायची होती.

एकटी तानाबाई म्हणाली, "राहू द्या जशी हाय तशी. पोराच्या हातची हाय ते."

"तुले काय समजते मूर्तीतलं?" मी चारचौघांत खेकसलो. ती गप्प बसली. तिला गप्प बसवणं मला तेव्हा फार सोपं होतं.

कारंज्याच्या ढाब्यांवर ट्रकांच्या मागं मोर आणि कमळं काढणारा रोशन पेंटर होता. हात सफाईचा. त्याला बोलावलं. त्यानं आधी काचपेपर मारून मूर्ती घासली. घासता घासता म्हणाला, "गुरुजी, लाकूड लय चिवट हाय." मी म्हणालो, "घास, बिनधास्त घास. गाल कसा लोण्यावानी पाह्यजे." जिथं घाव खोल होते तिथं त्यानं पुट्टी भरली. मग सोनेरी ऑइलपेंटचे दोन हात, केस निळे, ओठ लाल. चार दिवसांत मूर्ती अशी चमकायला लागली की लहान पोरं तिच्यात आपलं तोंड बघायची. पौर्णिमेला आम्ही ती ट्रॅक्टरवर ठेवून गावभर मिरवली. मी पुढं होतो, पांढऱ्या शर्टात, आणि माझ्यासारखा धन्य माणूस त्या दिवशी अख्ख्या तालुक्यात नव्हता.

तात्याला पत्र लिहिलं, मूर्ती मोठ्या थाटात बसवली. फोटो पाठवायचे होते, पण रोल धुवायला दिला तो काळाच निघाला. तात्याचं उत्तर आलं नाही. वर्षभरानं आलं ते त्याच्या आईचं, कोणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं. तात्याला रक्ताचा आजार होता. मूर्ती पाठवल्यावर चार महिन्यांत तो गेला. तानाबाई त्या दिवशी जेवली नाही आणि मी शाळेत गेलो नाही.

त्यानंतर दर जानेवारीत त्या माउलीचं कार्ड यायचं. कार्डावर एकच प्रश्न असायचा, बुद्ध कसा आहे? आणि मी दरवर्षी कळवायचो, छान आहे, रोज मेणबत्ती लागते, फुलं वाहतात. त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या हिशेबी तो छानच होता.

अश्वजित इंजिनिअर झाला आणि कंपनीनं त्याला ओसाकाला पाठवलं. यंदा एप्रिलमध्ये त्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. क्योटो तिथून तासाभरावर. त्यानं तात्याच्या आईला आधीच कळवलं होतं. रविवारी दुपारी तीनला या, असा निरोप आला होता. सकाळ रिकामी होती, म्हणून शहर पाहायला निघालो.

मी जरा कडक माणूस आहे. लाल कमानींच्या देवस्थानात बायको-पोरगा आत फिरून आले, मी मात्र बाहेरच बाटलीतलं पाणी पीत बसलो. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस, दुसऱ्याच्या देवापुढं उगाच कशाला जा! विहारांत मात्र सगळीकडं गेलो. काही मूर्ती सोन्यानं मढवलेल्या होत्या. त्या पाहून मला आपली मूर्ती आठवली आणि छाती फुगली.

मग एका लहानशा विहारात गेलो. आत अंधारलेलं, गवती चटयांचा वास. समोर लाकडी बुद्ध, बिनरंगाचा, आणि त्याच्या अंगभर पटाशीचे घाव. चिवरावर, हातांवर, गालांवर. माझा आवाज शाळामास्तराचा, हळू निघतच नाही. मी म्हणालो, "अश्वजित, हे एवढे मोठे लोक, अन् मूर्ती अर्धवट काऊन ठेवली रे?"

तिथं एक वयस्क बाई देखरेखीला बसल्या होत्या. अश्वजितनं त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि तो माझ्याकडं वळला. "बाबा, अर्धवट नाई म्हणते. अशीच पूर्ण असते. घडवणाऱ्याचा हात दिसावा म्हणून घाव मुद्दाम ठेवते. त्याच्यावर कोणी काचपेपर लावत नाई."

त्यानं हे सहज सांगितलं. त्याला काय माहीत! रोशन पेंटर आला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याला मूर्ती सोनेरीच आठवते. मी मटकन खाली बसलो.  गाल कसा लोण्यासारखा पाहिजे, असं मीच म्हणालो होतो. तानाबाई माझ्या शेजारी येऊन बसली. तिला सगळं समजलं होतं. मी म्हणालो, "पोटात दुखून राह्यलं म्हण त्याले. दुपारचं राहू दे." ती म्हणाली, "अठरा वर्सं झाली थे माय वाट पाहून राह्यली. तुमचं पोट घेऊन चाला."

तात्याचं घर एका बोळात होतं, अरुंद, पुढं लाकडी पट्ट्यांची जाळी. त्याची आई चौऱ्याऐंशी वर्षांची, पाठीत वाकलेली. दारातच आम्हाला वाकून नमस्कार केला, आम्ही वाकलो, त्या पुन्हा वाकल्या. आत चटईवर बसवलं, हिरवा चहा दिला. कोपऱ्यातल्या छोट्या कपाटात तात्याचा फोटो होता. आमच्या अंगणातला! खांद्यावर सहा वर्षांचा अश्वजित, मागं आमची गोठ्याची भिंत. तानाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. तात्याच्या आईनं तिचा हात हातात घेतला. 

मग त्या बोलायला लागल्या आणि अश्वजित सांगत गेला. तात्यानं लहानसहान बरंच कोरलं, पण अख्खी मूर्ती एकच घडवली, आमची. ती घडवताना त्याला ताप यायचा. शेवटचे दोन महिने त्या स्वतः आजारी, बहिणीकडं होत्या. परत आल्या तेव्हा मूर्ती पेटीत बंद होऊन गेलेली. त्यांनी ती पूर्ण झालेली पाहिलीच नाही.

अश्वजितला वाटलं, आता आपण म्हातारीला आनंद देऊ. त्यानं फोन काढला आणि गेल्या पौर्णिमेचा फोटो दाखवला. सोनेरी बुद्ध, मागं फिरत्या लाईटचं प्रभामंडळ, पुढं झेंडूचे हार. त्यांनी चष्मा लावला. फोटो निरखला. हसल्या, काहीतरी बोलल्या.

"सुंदर हाय म्हणते," अश्वजित म्हणाला. "नवी मूर्ती फार चांगली हाय, म्हणते. अन् तात्याची कुठी ठेवली, असं इचारून राह्यल्या." तो हसून त्यांच्याकडं वळला, 'हीच ती' असं सांगायला.

"थांब," मी म्हणालो. "सांग का, आत कपाटात ठेवली हाय. जपून."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "बाबा?"

"सांग म्हणतो नं."

बापाचा शब्द. त्यानं मान खाली घालून सांगितलं. रोज पंचशील म्हणवून घेणारा मी, खोटं न बोलण्याचं चौथं शील आपल्या तोंडानं तर मोडलंच, पोराच्या तोंडानंही मोडायला लावलं. का केलं असं? त्या माउलीला दुःख होऊ नये म्हणून, असं सांगितलं तर तेही दुसरं खोटं होईल. मला लाज वाटली, म्हणून केलं.

त्यांचा चेहरा उजळला. त्या सरकून पुढं आल्या, दोन्ही तळवे चटईवर टेकले आणि हळूहळू बोलायला लागल्या. अश्वजित ऐकत होता. त्याचा चेहरा उतरत गेला.

"बाबा, त्या म्हणते, तुमच्याकडं आता एवढी मोठी मूर्ती हाय. तर थे जुनी मले वापस देसान का? मी जास्त दिवसांची नाई. डोळ्यानं आता बरोबर दिसत नाई, पाह्याची नाई म्हणते. हात फिरवाचा हाय. तो ताप घेऊन घाव घालत होता, थे आवाज मी बाजूच्या खोलीतून ऐकत होती म्हणते. एकेक घाव बोटानं पाह्याचा हाय."

 त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि मी गुडघ्यांकडं.

"सांगा आता," तानाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "नाईतर मले सांगा लागन."

अश्वजितच्या हातून फोन घेतला. सोनेरी बुद्धावर बोट ठेवलं, मग कपाटातल्या तात्याच्या फोटोकडं दाखवलं. हीच ती, त्याची. त्यांना कळलं नाही. मग मी डावा हात पुढं केला आणि त्याच्यावर उजवा तळवा मागंपुढं घासला. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी त्यांना समजलं. लाकूडकाम करणाऱ्या पोराची आई ती, काचपेपर कसा मारतात हे तिला कोणी भाषांतर करून सांगायला नको होतं. मी घासतच होतो. त्यांनी माझा हात धरला आणि थांबवला.

मी वाकून कपाळ चटईला टेकवलं. आयुष्यभर मी पोरांना चूक झाली की अंगठे धरून उभं केलं. त्या दिवशी मला कोणी तसं उभं केलं असतं तर बरं वाटलं असतं. "आम्हाले वाटलं, अर्धवट हाय. मले वाटलं. मीच सांगतलं घासाले," मी म्हणत होतो. अश्वजित एकेक शब्द सांगत होता. त्याला जपानी फक्त तात्यामुळं शिकावंसं वाटलं होतं.

त्यांनी एकच विचारलं, किती दिवस लागले?

"चार," मी म्हणालो.

त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. 

"काय म्हणाल्या?"

"राहू द्या नं, बाबा."

"सांग."

"तात्याले चौदा महिने लागलते, म्हणाल्या."

त्यात राग नव्हता. नुसतं माहीत असलेलं बोलावं तसं त्या बोलल्या. मग त्यांनी पुन्हा चहा ओतला. गावातले लोक त्या दिवशी खूश होते का, असं विचारलं. मी म्हणालो, फार खूश होते, पोरं-म्हातारे सगळे नाचले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, मग बरं झालं. फोनवरचा फोटो मात्र पुन्हा मागितला नाही. शिवी दिली असती, हाकललं असतं, तर मी ते घेऊन घरी आलो असतो. 'बरं झालं' हे घेऊन कुठं जायचं, मला अजून कळत नाही.

निघताना त्यांनी तानाबाईला मुरवलेल्या मुळ्याचं पाकीट दिलं. वाकून निरोप दिला. आम्ही वाकलो, बूट घातले, बोळात उतरलो.  दहा-पंधरा पावलं गेलो असू, तेव्हा अश्वजित हळूच म्हणाला, "बाबा, वळून हात दाखवा. इथं पाहुणा कोपऱ्याआड होईपर्यंत घरचे दारात उभे राह्यते. आपण नाई पाह्यलं तर त्याइले वाईट वाटते."

मी वळलो. हात अर्धा वर उचललाही होता.

दार बंद होतं.

मी त्या बंद दाराला हात जोडले आणि उभा राहिलो.  तानाबाईनं माझ्या शर्टाची बाही धरली. "चाला आता," ती म्हणाली, "ओसाकाची गाडी चुकन."